दव सुकल्यावर, वारा फिरण्याआधी

बॉनेटवर तळहाताएवढा डाग आहे आणि त्या डागात एकात एक अशी कडी आहेत. सगळ्यांत बाहेरचं कडं दुधाळ, निस्तेज. त्याच्या आतलं चंदेरी, पण चमक गेलेलं. मग फिकट राखाडी, मग काळपट राखाडी, आणि अगदी मधोमध, बॉनेटचा उंचवटा जिथे धार धरतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा उघडा पत्रा. नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तसं हे दिसतं. फक्त इथे डोंगर नाही, खळगा आहे, आणि तो सगळा मिळून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा खोल. उघड्या पत्र्यावर नारिंगी टिपका उमटलाय. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. गंज धरायला खाऱ्या हवेला दोन रात्री पुरतात.

“कितीचा पेपर लावलास?” पेंटरकाका विचारतात.

“हजारचा,” गाडीवाला म्हणतो.

“पाण्यात?”

“नाही. तेलात.”

काका वाकलेले असतात ते सरळ उभे राहतात. “तेल? कसलं तेल?”

“आम्ही डायला लावतो तेच. थेंबभर.”

काका काही बोलत नाहीत. नखाची कड डागाच्या बाहेरून आत ओढतात, एकदा, दोनदा, मग डोळे मिटून बोटाच्या पेराने तेच. प्रत्येक कड्याशी बोट जरासं अडखळतं. माझं बोट फिरवून पाहतो तर मला काहीच लागत नाही.

डहाणूच्या पारनाक्यावरून बोर्डीच्या रस्त्याला लागलं की आगर येतं. पुढे नरपड, चिखले, घोलवड. एका अंगाला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. काकांची शेड एका वाडीच्या कुंपणाला टेकून उभी आहे. चार लोखंडी खांब, वर पत्रे, तीन बाजूंना हिरवी जाळी, कोपऱ्यात कॉम्प्रेसर. तलासरीच्या एका टेम्पोचा दरवाजा भिंतीला टेकवून ठेवलाय, त्यावर लांबी सुकतेय. नावाची पाटी नाही. डहाणू आणि पेंटिंग हे दोन शब्द एकत्र आले की बाहेरच्या माणसाला वारली चित्रं आठवतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंना 2011 साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर जास्तच. या रस्त्यावर मात्र पेंटिंग हा शब्द डेंटिंगचा हात धरूनच येतो.

गाडीवाला चिंचणीचा, डायमेकर. चिंचणी-वाणगावकडे हा धंदा घराघरांत आहे. पडवीत खिडकीखाली टेबल, डोळ्याला भिंग, समोर पोलादाचा ठोकळा आणि त्यात उलटी कोरत नेलेली फुलं-पानं. त्या साच्यावर सोन्याचांदीचा पत्रा दाबला की दागिन्याचा आकार उठतो. कोरून झालं की खरं कष्टाचं काम सुरू होतं ते पॉलिशचं. चारशेचा पेपर, आठशेचा, हजारचा, मग पेस्ट. पोलादावर धूसरपणा राहिला तर उपाय एकच असतो, अजून घासायचं. पोलाद घासलं की खाली पोलादच लागतं.

रविवारी हा नरपडला मित्राच्या वाडीत गेला होता. गाडी झाडाखाली उभी. वर टेकवून ठेवलेली चिकू काढायची बेडणी घसरली आणि बॉनेटवर आडवी आली. बोटभर लांब, केसाएवढी रेघ. गाडी बायकोच्या नावावर आहे आणि बायको शुक्रवारी सुरतेहून परतणार आहे, हे तो दोनदा सांगतो. मग मोबाइलवर व्हिडिओ. त्यातला माणूस घासतो, पुसतो, हसतो आणि रेघ गायब. याच्याकडे तर पेपर घरातच होता.

“रेघ गेली की काका, दहा हातांत गेली,” तो म्हणतो. “पण तिथे धुरकट झालं. म्हटलं, धुरकटपणा काढू.”

“आणि घासत बसलास.”

“हो.”

“बोटाने?”

“बोटाने.”

काका माझ्याकडे बघतात. त्यांच्या नजरेत राग नाही. पेशंट आला तो कुठल्या औषधाने बिघडून आला हे कळल्यावर डॉक्टर गप्प होतात, तेवढंच. मला वाटतं, अडाणी हाताकडून ही चूक झाली नसती. अडाणी हात घाबरतो, दहा वेळा घासून थांबतो. ज्याचा हात पंधरा वर्षं पोलादावर बसलेला आहे तोच न डगमगता तळाशी जाऊन पोहोचतो.

तळ आहे तरी किती खोल? कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. सगळ्यांत खाली, पत्रा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवलेला गंजरोधक थर, साधारण 20 मायक्रॉन. त्यावर सरफेसर, तीसेक मायक्रॉन. त्यावर रंग, ज्याला हे लोक बेस म्हणतात, तो सगळ्यांत पातळ, 15 मायक्रॉनच्या आसपास. आणि त्यावर क्लिअर, 40 ते 50. आपण गाडीची चमक म्हणतो ती सगळी या क्लिअरची. रंग त्याच्याखाली काचेआडच्या फोटोसारखा नुसता पडून असतो. आता हजार नंबरच्या पेपरवरचा कण घ्या. तो सरासरी 18 मायक्रॉनचा असतो. म्हणजे डायमेकरच्या हातातला कण गाडीच्या अख्ख्या रंगापेक्षा जाड होता. शिवाय बोट. बोटाच्या टोकाखाली दाब एका जागी येतो आणि रंगात नाला पडत जातो, म्हणून पेपर नेहमी रबराच्या ठोकळ्याला गुंडाळतात. आणि शिवाय धार. बॉनेटच्या उंचवट्यावर रंग मुळातच पातळ बसतो, आणि घासताना सगळ्यांत आधी पेपरला तीच भेटते.

काका धंद्यात आले तेव्हा रस्त्यावर ॲम्बॅसडर होत्या आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनी. तेव्हा एनसी रंग मारायचे, नायट्रोसेल्युलोजचा. वेगळा क्लिअर नसायचा. आठ-दहा हात चढवायचे, जाड साय बसायची, आणि वर्षभराने कंपाउंड लावून रबिंग केलं की फडक्यावर गाडीचा रंग यायचा.

“यायलाच पाहिजे होता,” काका सांगतात. “फडकं कोरं राहिलं तर गिऱ्हाईक म्हणायचं, कामच केलं नाही. आता उलटं. फडक्यावर रंग दिसला की समजायचं, गेली.”

मग ते निकाल देतात. पॉलिशने काही होणार नाही. जे उरलंच नाही त्याला चमक कुठून आणणार. डागापुरता सरफेसर, डागाच्या बाहेर वीतभर रंग, आणि क्लिअर सगळ्या बॉनेटला.

“एवढ्याशा डागाला सगळं बॉनेट?”

“डागापुरता क्लिअर मारून देतो की. त्याची कड कुठे संपवू, तू सांग. उन्हाने वर्षभरात ती कड सुटायला लागेल, तेव्हा येशील परत. बॉनेटला स्वतःच्या कडा आहेत. तिथे संपवला की कोणाला दिसत नाही.”

साडेतीन हजारांवर ठरतं. तीन म्हणून पाहिलं जातं, पण तेलाचा विषय निघतो आणि डायमेकर गप्प बसतो.

तेलाचं काकांनी मनावर घेतलंय. कामाला असलेला पोऱ्या आधी साबणाच्या पाण्याने बॉनेट धुतो. मग तेल-मेण काढायचं द्रावण. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात कोरडं. ओल्याने पुसलं की ते उडून जायच्या आत कोरड्याने उचलून घ्यायचं, नाहीतर तेल तिथल्या तिथे पसरतं. दोन फडकी वापरून फेकतात, तिसऱ्याने पुन्हा. त्यानंतरच काका पेपर हातात घेतात. गंजाचा टिपका 320 च्या पेपराने निघतो, आणि मग त्याच पेपराने ते कडी पुसायला लागतात. मला वाटलं होतं डाग लहान करतील. तो मोठा होत जातो. प्रत्येक थराची पायरी उताराने खालच्या थरात मिळवायची, तर उताराला जागा लागते. तळहाताएवढ्याचा थाळीएवढा होतो आणि डायमेकर दोन पावलं मागे सरकतो.

“बघ, अजून घासतोय मी,” काका त्याच्याकडे न बघता म्हणतात.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचा पातळ हात. तो ओढला की सरफेसर, हार्डनर घालून, तीन हात, मध्ये थांबत थांबत. राखाडी, निर्जीव, जाड. शेवटी काका त्यावर काळ्या रंगाचा नुसता धुरळा उडवतात. हे कशाला, तर उद्या ठोकळ्याने घासताना उंच जागेवरचा काळा आधी जाईल आणि खळग्यातला उरेल. आपल्या बोटावर एवढा विश्वास असलेला माणूस बोटाची साक्ष काढायला काळा रंग वापरतो, हे मला आवडतं.

सकाळी पत्र्यांवरून दव ठिबकतंय. माघातली थंडी अजून आहे. वाडीतल्या आंब्यांना मोहोर आलाय आणि त्याच्यावर तुडतुडे. काका शेडच्या खांबाला तळहात लावून बघतात. खांब ओला आहे. ओल्या हवेत मारलेला रंग थिनर उडताना गार पडतो आणि हवेतलं पाणी स्वतःवर ओढून घेतो, मग चमकीऐवजी दुधाळ झाक येते. म्हणून दव सुकेपर्यंत गन उचलायची नाही. आणि फार थांबायचंही नाही, कारण ऊन तापलं की वारा फिरतो. सकाळी तो जमिनीवरून समुद्राकडे असतो, वाडीच्या झाडांनी गाळून आलेला. दहा-अकराच्या सुमारास समुद्रावरून यायला लागतो आणि येताना किनाऱ्याची रेती आणि खार घेऊन येतो. काकांचा दिवस या दोघांच्या मधल्या फटीत असतो.

ते रस्त्यापर्यंत चालत जातात आणि दक्षिणेकडे बघतात. खाडीपलीकडे औष्णिक वीज केंद्राची चिमणी दिसते, 275 मीटर उंच. डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, मोठ्या कारखान्यांवर बंधनं आली, आणि तरी 1995 साली 500 मेगावॅटचं हे केंद्र सुरू झालं. त्यावरून झालेल्या भांडणांना एक अख्खं पुस्तक लागेल. काकांना त्या चिमणीचं एकच काम आहे. वरून निघणारी पुसट रेघ समुद्राकडे कललेली आहे.

“आहे वेळ,” म्हणून ते परततात.

तोवर पोऱ्याने 600 चा पाणीपेपर ठोकळ्याला गुंडाळून सरफेसर घासायला घेतलाय. राखाडी पाणी वाहतंय. एका जागी चवलीएवढा काळा ठिपका उरतो. काल काकांच्या बोटालाही तो कळला नव्हता. ठोकळा तिरका धरून पोऱ्या आजूबाजूचं खाली आणतो आणि ठिपका विरतो. मग सगळ्या बॉनेटला 1000 च्या पेपराचा हलका हात, फक्त क्लिअरची चमक मोडण्यापुरता, म्हणजे नवा क्लिअर पकड घेईल. डायमेकर ‘हजार’ हा आकडा ऐकून वळून बघतो. धारेवर काकांनी आधीच टेप चिकटवून ठेवलीय. तिथे ते नंतर नुसती खरखरीत जाळी फिरवतात.

मग मास्किंग. काच, दिवे, दोन्ही मडगार्ड वर्तमानपत्रांनी झाकली जातात. अर्धी पानं गुजराती, अर्धी मराठी. हा सीमेचा तालुका आहे. पोऱ्या टेप फाडतो ती दातांनी, आणि कडेला लावतो ती मात्र नखाने दाबून, केसाचीही फट न ठेवता. या टेपची आणि पाणीपेपरची जन्मकथा एकाच घरातली आहे. फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्याने पाण्यात न विरघळणारा पॉलिशपेपर शोधून काढला आणि थ्रीएम कंपनीने तो 1921 साली बाजारात आणला. कोरडं घासताना गाड्यांच्या रंगातल्या शिशाची धूळ कामगारांच्या छातीत जायची. पाण्याने ती खाली बसली. त्याच पेपरचे नमुने घेऊन कंपनीचा रिचर्ड ड्रू नावाचा तरुण सेंट पॉल गावातल्या गॅरेजांत हिंडत होता. तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन होती. एका रंगावर कागद चिकटवून दुसरा मारायचा, आणि कागद ओढला की खालचा रंग सोबत यायचा. पेंटरची शिवीगाळ ऐकून ड्रू म्हणाला, मी यावर काहीतरी करतो. 1925 साली मास्किंग टेप आली. पेंटरच्या शिव्यांमधून इतकी उपयोगी वस्तू निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

रंग वापीहून आलाय. इंजिनाजवळच्या पाटीवरचा कोड देऊन मशीनवर मिसळलेला, पण काकांचा कोडवर विश्वास नाही. एकाच कोडच्या चंदेरीत तीन भाऊ निघतात, आणि ही गाडी सात वर्षं उन्हात उभी आहे. ते पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर फवारा मारतात, वर क्लिअर, सुकवतात, आणि दाराला लावून उजेडात बघतात. समोरून पुठ्ठा काळपट दिसतो. चंदेरी रंग म्हणजे ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा चुरा. ओला, जाड हात मारला तर पापुद्रे बुडून वेडेवाकडे बसतात आणि रंग गडद होतो. लांबून, सुका हात मारला तर ते आडवे पडतात आणि रंग उजळतो. डब्यातला रंग न बदलता नुसत्या मनगटाने छटा बदलते. दुसरा पुठ्ठा काका हात लांब धरून मारतात. आता जुळतं. अर्धा तास गेलाय.

गन तपासायला वर्तमानपत्रावर फवारा. तो सरळ उभा यायला हवा, तर एका बाजूला वाकलेला येतोय, द्वितीयेच्या चंद्रासारखा.

“भोक बुजलं,” डायमेकर म्हणतो. त्याच्या खिशात भिंग आहेच. तोंडाची टोपी काढून तो उजेडात धरतो. “डाव्या शिंगातलं. माझ्याकडे सुई आहे, काढू?”

“सुई नको! भोक मोठं होईल.” काका झाडूतला एक हीर तोडतात. थिनरमध्ये बुडवून तो भोकातून फिरवतात आणि टोपी परत डायमेकरच्या भिंगाखाली जाते. “गेलं,” तो सांगतो. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज मोकळा वाटतो.

जमिनीवर पाणी शिंपडलं जातं. चिकट फडक्याने बॉनेट पुसलं जातं, वजन न टाकता. खांब कोरडा आहे. काका गन उचलतात.

पहिला हात इतका पातळ की राखाडी दिसतच राहतो. गन बॉनेटला समांतर जाते, मनगट वळत नाही, अख्खा खांदा सरकतो. आणि डागाच्या बाहेर, जिथे कुणी बघत नव्हतं तिथे, रंगात एक गोल डोळा उघडतो. मसुरीएवढा. रंग त्याच्या कडांपासून मागे सरतो आणि मध्ये जुना क्लिअर उघडा पडतो.

“मासळीचा डोळा,” पोऱ्या हळूच म्हणतो. धंद्यात याला असंच म्हणतात. खाली तेलाचा अंश राहिला की रंग तिथे टिकत नाही.

कोणी डायमेकरकडे बघत नाही, आणि तेच त्याला जास्त लागतं. काका गन हुकाला लावतात आणि उभे राहतात. ओल्या रंगाला हात लावता येत नाही, त्यावर जाड हात मारून डोळा बुजवताही येत नाही. तो अजून मोठा होतो. सुकेपर्यंत थांबायचं. त्या वेळात ते पुन्हा रस्त्यापर्यंत जाऊन येतात. चिमणीवरची रेघ आता सरळ वर उभी आहे, कुठेच कलत नाही. जमिनीवरचा वारा संपलाय आणि समुद्राचा अजून आलेला नाही.

आल्यावर घाई दिसत नाही. डोळ्यावर 800 चा पेपर चार वेळा, द्रावणाचं फडकं, कोरडं फडकं. मग गन लांब धरून नुसता धुरळा, सुकू द्यायचा, पुन्हा धुरळा. तिसऱ्या धुरळ्याला डोळा मिटलेला असतो. मग नेहमीचे हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा बाहेर जाणारा, आणि शेवटचा लांबून, सुका, पापुद्रे आडवे पाडणारा. राखाडी थाळी नाहीशी झालीय. बॉनेट सगळं एकाच रंगाचं पण मातकट, खडूने रंगवल्यासारखं. असंच दिसायला हवं. चमक अजून डब्यात आहे.

क्लिअरच्या आधी काका पोऱ्याला बाहेर काढतात. “जा, चहा सांग.” चहा कुणालाच नको आहे. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून जात राहिलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे जरासा वासही सोसत नाही. काकांचा काडतुसं लावलेला मास्क खिळ्याला टांगलेला असतो, तो ते घालतात. पोऱ्याकडे नुसता रुमाल आहे. काडतुसं महाग पडतात म्हणून धंद्यात बरेच जण रुमालावरच भागवतात, आणि मग चाळिशीत खोकत बसतात. पोऱ्याला बाहेर पाठवण्यापेक्षा दुसरा मास्क आणणं बरं, असं मी म्हणून बघतो. मास्कच्या आतून काय उत्तर येतं ते कळत नाही.

दोन भाग क्लिअर, एक भाग हार्डनर, वर थोडा थिनर. पहिला हात पडतो आणि खडू काच होतो. वर्णन करायला दुसरा शब्द नाही. गन जिथपर्यंत गेली तिथपर्यंत आकाश, पुढे माती. दहा मिनिटं थांबायचं. काका मनगटावरच्या घड्याळात नाही, टेपवर पडलेल्या क्लिअरला बोट लावून बघतात. तार निघाली. दुसरा हात, जरा भरून. बॉनेटच्या पुढच्या कडेला तो ओघळायच्या बेतात येऊन थांबतो.

शेवटची पट्टी राहिलेली असताना पश्चिमेची जाळी फुगते.

काका थांबत नाहीत. पट्टी पुरी करतात, गन खाली ठेवतात, आणि मग त्या बाजूचा प्लास्टिकचा पडदा मी आणि डायमेकर मिळून खाली ओढतो. पडदा फडफडतो, पण आत पाणी शिंपडलेलं आहे, धूळ उठत नाही. ओल्या क्लिअरवर एक तुडतुडा येऊन बसतो, बसल्या जागी चिकटतो, पाय हलवतो. डायमेकरचा हात पुढे जातो.

“नको,” मास्क काढत काका म्हणतात. “मरू दे. उद्या बघू त्याला.”

दुसऱ्या दिवशी तुडतुड्याचा उंचवटा झालाय, आणि दोन-तीन धुळीचे दाणेही आहेत. बाकी बॉनेट चकचकीत आहे, पण तिरकं पाहिलं तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा. काका धारेवर टेपच्या दोन पट्ट्या चिकटवतात, ठोकळ्याला 2000 चा पेपर गुंडाळतात, साबणाच्या पाण्यात बुडवतात आणि नव्याकोऱ्या क्लिअरवर घासायला लागतात.

डायमेकर पाठ फिरवतो. मग राहवत नाही म्हणून वळतो. चमक जातेय, धुरकट पट्टा उठतोय, नेमका तसाच जसा त्याने पहिल्या दिवशी पाहिला होता. त्याची नजर पट्ट्यावर नाही, खाली ओघळणाऱ्या पाण्यावर आहे. पाणी पांढरं आहे. काका चार हात घासतात, रबराच्या पट्टीने पाणी ओढतात, बघतात. पुन्हा चार हात. साल सपाट झाली की तिथून उठतात, धुरकटपणा तसाच सोडून.

“हा राहिला की,” डायमेकर म्हणतो.

“हा पेपराने जात नाही. कंपाउंडने जातो.”

तीन हजारचा पेपर, मग कंपाउंड, मग स्पंजाची चकती मशीनला लावून हळू फेऱ्यात. मशीन धारेजवळ आलं की काका ते उचलतात. धुरकट पट्ट्याखालून वाडी वर येते, एकेक पान सुटं दिसतं. टेप काढली जाते. डाग कुठे होता ते मी शोधत राहतो आणि चुकीच्या जागी बोट ठेवतो, पोऱ्या हसतो.

पैसे मोजले जातात. काकांच्या सूचना गाडीच्या चालू इंजिनावर चढवलेल्या आवाजात: आठवडाभर धुवायची नाही, महिनाभर मेण लावायचं नाही, चिकूच्या झाडाखाली उभी करायची नाही. रात्री वटवाघळं फळाला येतात, त्यांची घाण ताज्या क्लिअरला खाते. डायमेकर मान हलवतो, गियर टाकतो, आणि काढतो.

“काका, डाव्या दाराला पण एक बारीक रेघ आहे. हँडलच्या खाली.”

काका वाकून बघतात. बादलीतलं पाणी ओंजळीने दारावर मारतात. ओलं असेपर्यंत रेघ दिसत नाही. म्हणजे ती क्लिअरमध्येच आहे, रंगापर्यंत पोहोचलेली नाही. पाणी ओघळून जातं आणि ती परत उमटते.

“काही करू नकोस तिला.”

“दिसते पण.”

“जूनमध्ये नाही दिसणार. जा.”